रेवसचा गुंठा आणि निवृत्तीची पुंजी

धरमतरच्या खाडीच्या मुखाशी, मुंबई बंदराच्या समोर वसलेले रेवस हे गाव मराठी माणसाला दोन गोष्टींमुळे ठाऊक आहे. भाऊच्या धक्क्यावरून ऐन पावसाळ्यातही सुटणारी लाँच ही एक. आणि १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, याच बंदराकडे येताना सहाशेहून अधिक उतारूंसह बुडालेली ‘रामदास’ बोट ही दुसरी. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत राबणारा अलिबागचा चाकरमानी शतकभर याच वाटेने गावी येत-जात राहिला. समुद्रमार्गे मुंबई इतकी जवळ आणि रस्त्याने मात्र पेण-वडखळचा वळसा, या विसंगतीने रेवसला एकाच वेळी महानगराचा शेजारी आणि खेडे असे दोन्ही करून ठेवले होते. आता ती विसंगती संपणार असे सांगितले जात आहे, आणि त्याबरोबर रेवसच्या नावाला तिसरी एक ओळख चिकटू लागली आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, रेल्वेच्या डब्यांत चिकटवलेल्या पत्रकांतून आणि हातातल्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संदेशांतून रेवस हे आता बंदराचे नव्हे, गुंठ्याच्या भावाचे नाव झाले आहे.

या भावामागे काहीच खरे नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली. शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ मध्ये पार पडले. रेवस आणि पलीकडचे उरण तालुक्यातील करंजा यांना जोडणाऱ्या खाडीपुलाचे कंत्राट २०२४ मध्ये दिले गेले. हा पूल म्हणजे रेवस ते रेडी या सागरी महामार्गाचा पहिला सांधा; आणि हा महामार्ग ज्यांच्या नावाशी कायमचा निगडित झाला ते बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्रिपदावर होते १९८० ते १९८२ या काळात. म्हणजे ज्या वर्षी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले त्या वर्षी जन्मलेले मूल आज मध्यमवयीन झाले आहे आणि पूल अद्याप व्हावयाचा आहे. या काळात रेवसच्या जमिनीवर किती वेळा पूल ‘झाला’, किती वेळा बंदर ‘आले’ आणि त्या त्या वेळी किती व्यवहार उरकले गेले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

जाहिरातीतला ग्राहक कोण, हे तिच्या भाषेवरूनच कळते. बंगल्यांची चित्रे आवास, सासवणे, किहीमच्या धनिकांची. पण ‘सुलभ हप्ते’, ‘एक गुंठ्यापासून पुढे’ आणि ‘निवृत्तीनंतरचे स्वप्न’ हे शब्द त्या धनिकांसाठी नाहीत. ते शिक्षकासाठी, लिपिकासाठी, बँकेतल्या रोखपालासाठी आहेत. या वर्गाची परिस्थितीही मधल्या काळात बदलून गेली आहे. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर सेवेत आलेल्या महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्याला जुने निवृत्तिवेतन नाही. मार्च २०२३ मध्ये याच प्रश्नावर कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले होते. पूर्वीच्या पिढीला निवृत्तीनंतर महिन्याच्या महिन्याला रक्कम मिळे. तिने भविष्यनिर्वाह निधीतून गावी कौलारू घर बांधले किंवा मुलीचे लग्न केले, आणि त्यात चूक झालीच तरी चूल पेटण्याचे थांबत नसे. नव्या पिढीच्या हाती मोठी रक्कम एकदम पडेल आणि तिचे काय करावयाचे हे तिने स्वतः ठरवावयाचे आहे. ही चूक पोटाला भोवणारी आहे. जमीन, सोने, भाड्याच्या इमारतींतील हिस्सा आणि बँकेच्या ठेवीपलीकडचे इतर मार्ग यांचा विचार त्यामुळे शेअरबाजारातल्या हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही.

जमिनीबद्दल मराठी मध्यमवर्गाची श्रद्धा ‘जमीन कुठे पळून जात नाही’ या एका वाक्यात सामावलेली असते. वाक्य खरे आहे. अडचण अशी की जमीन पळत नाही त्याप्रमाणे ती चालतही नाही. घरात आजारपण आले, तर ठेव मोडता येते, सोने गहाण टाकता येते. रेवसचा गुंठा आठ दिवसांत विकावयाचा म्हटला की दलाल सांगेल तो भाव घ्यावा लागतो. अर्धा गुंठा विकून अर्धा ठेवता येत नाही. मोकळा भूखंड भाडे देत नाही. उलट कुंपण, राखणदार आणि अतिक्रमणाची चिंता मागतो. आणि मुख्य म्हणजे, त्याचा भाव रोज कोठे छापून येत नसल्याने मालकाला तोटा दिसत नाही. हा न दिसणारा तोटा हेच अनेकांच्या मनःशांतीचे कारण असते.

थोडे गणित केले तर ही मनःशांती डळमळू लागते. समजा, एका गृहस्थाने १० लाखांचा भूखंड घेतला. मुद्रांक, नोंदणी, वकील यांचे सहा टक्के आणि दलालीचे दोन टक्के धरले तर त्याच्या खिशातून १० लाख ८० हजार गेले. दहा वर्षांनी भाव दुप्पट झाला. २० लाखांना विकताना पुन्हा दोन टक्के दलाली गेली, राहिले १९ लाख ६० हजार. नफा ८ लाख ८० हजार. त्यावर २०२४ पासून लागू झालेल्या साडेबारा टक्के दराने दीर्घमुदती भांडवली नफ्याचा कर १ लाख १० हजार. हाती आले साडेअठरा लाख. ‘दहा वर्षांत दामदुप्पट’ म्हणून ज्याचे कौतुक चारचौघांत झाले, त्या व्यवहाराचा चक्रवाढ दर पडला वर्षाला सुमारे साडेपाच टक्के. पोस्टातील सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचा करमुक्त दर एप्रिल २०२० मध्ये कमी होऊन ७.१ टक्क्यांवर आला, तेव्हा याच मंडळींनी हळहळ व्यक्त केली होती! त्या खात्यात वर्षाला दीड लाखांहून अधिक भरता येत नाहीत हे खरे. मोजपट्टी म्हणून मात्र ते पुरेसे आहे. भाव तिप्पट-चौपट झाल्याची उदाहरणे रायगडात आहेतच. पण ज्यांचे भाव तिप्पट झाले ते सांगतात आणि ज्यांचे अडकले ते गप्प बसतात, एवढा फरक ऐकणाऱ्याने लक्षात घ्यावयास हवा.

हे सारे हक्क निर्वेध असल्याचे गृहीत धरून झाले. अलिबाग तालुक्यात हे गृहीतच सर्वांत कच्चे आहे, आणि त्याला इतिहास आहे. रेवसपासून फार दूर नसलेल्या चरी गावी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोत-सावकारांविरुद्ध कुळांनी संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालला. शेते ओस पडली, माणसे उपाशी राहिली, पण नांगर धरला गेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारा कायद्याने मालक मानला गेला. आज गुंठेवारीने विकल्या जात असलेल्या जमिनींपैकी अनेकींच्या मागे हा इतिहास आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव, कलम ४३ चा शेरा किंवा न्यायाधिकरणापुढील जुन्या दाव्याचा क्रमांक दिसतो तो त्यामुळे. कलम ४३ खालील जमीन विनापरवानगी विकली तर व्यवहार अवैध ठरू शकतो; २०१४ च्या दुरुस्तीने ही अट काही बाबतीत सैल केली असली तरी ती पुसून टाकलेली नाही. याच कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. मुंबईत जन्मलेल्या, सात पिढ्यांत कोणाच्या नावे शेत नसलेल्या शिक्षकाला ‘शेतकरी दाखल्याची सोय आम्ही करू’ असे दलाल सांगतो तेव्हा तो त्याला जमीन नव्हे, एक फौजदारी प्रकरण विकत असतो.

दाखल्याची भानगड नको असेल त्याच्यासाठी दुसरी वाट काढलेली असते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेताचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे करून विकता येत नाहीत. शासनाने २०२५ मध्ये त्यात शिथिलतेचे पाऊल उचलले. पण ती सवलत नागरी आणि निवासी वापराच्या क्षेत्रांकडे पाहून दिलेली आहे, खाडीकाठच्या कोणत्याही भातखाचराला ती आपोआप लागू होते असे नव्हे. म्हणून एकराचे तुकडे कागदावर न करताच चाळीस जणांची नावे एका सातबाऱ्यावर सामाईक म्हणून चढवली जातात. एकर म्हणजे चाळीस गुंठे, गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे खरेदीदाराला पाठ असते. पण त्या सामाईक सातबाऱ्यावर आपला गुंठा नेमका कोणता, रस्त्याकडचा की खाजणाकडचा, हे कोठेच लिहिलेले नाही हे त्याला वाटणीचा दावा लागल्यावर उमगते. कोठे साठेखतावर भागवले जाते, कोठे कुलमुखत्यारपत्रावर. असल्या कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, नोंदलेले खरेदीखतच हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले. तरीही कुलमुखत्यारपत्रांचा बाजार आटला नाही, कारण तो कायद्याच्या अज्ञानावर नव्हे, घाईवर चालतो.

आणि बहिणींचे काय? कोकणातील जमीन क्वचितच एकाच्या नावे असते. भाऊ सही करतात, मुंबईला, बडोद्याला दिलेल्या बहिणींना कोणी विचारत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला. वडील २००५ पूर्वी वारले म्हणून हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये निर्वाळून सांगितले. ज्या खरेदीखतावर बहिणींच्या सह्या नाहीत आणि ज्यामागे हक्कसोडपत्रही नाही, ते घेणारा माणूस भूखंडाबरोबर एका घरातले भांडणही खरेदी करतो. अशा दाव्यांत बहिणींना खलनायिका ठरवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वस्तुतः त्या आपलेच मागत असतात.

कागद स्वच्छ असला तरी रेवसच्या बाबतीत जमिनीकडे स्वतः जाऊन पाहणे भाग आहे, आणि तेही भरतीच्या वेळी. या पट्ट्यातील पुष्कळ शेती ही खारभूमी आहे. पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी मातीचे बांध घालून, उघाड्या बसवून समुद्राचे पाणी थोपवले आणि त्यामागे भात पिकवला. हे बांध राखण्यासाठी १९७९ मध्ये स्वतंत्र खारभूमी विकास कायदा झाला. पण शेती परवडेनाशी झाली, माणसे नोकरीला लागली, बांधावर माती टाकणारे हात कमी झाले. माणकुळे-शहापूरच्या परिसरात बांध फुटून खारे पाणी शेतात शिरल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. शेतात एकदा खारे पाणी खेळू लागले की तिवरे उगवतात. आणि कांदळवन उगवले की जमीन खासगी असली तरी त्यावर आणि भोवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या आदेशाने आणि पुढे २०१८ च्या निकालाने बजावले आहे. सातबारा अजून ‘भात’ म्हणतो, प्रत्यक्षात तेथे तिवरांचे रान. दलालाच्या छायाचित्रात ते ‘हिरवाईने नटलेले’ म्हणून येते, आणि तेवढ्यापुरते ते खोटे नसते.

भरतीरेषेपासूनच्या अंतराचे नियम १९९१ मध्ये आले, २०११ आणि २०१९ मध्ये बदलले. ते कागदावरच राहतात असा समज किनाऱ्यावर बळकट होता. किहीमला एका फरारी हिरे व्यापाऱ्याचा, नीरव मोदी याचा, बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आला तेव्हा या समजाला पहिला मोठा तडा गेला. त्याच्यापाशी वकिलांची फौज होती आणि बंगला गेल्याने तो उपाशी मरणार नव्हता. निवृत्त मुख्याध्यापकाच्या दोन खोल्यांना नोटीस आली तर त्याच्यापाशी काय असेल?

घोषणांचे तारण किती टिकाऊ असते हे रायगड जिल्ह्याने देशाला दाखवून दिले आहे. २००६ च्या सुमारास उरण, पेण, पनवेल तालुक्यांत रिलायन्सच्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राचा गाजावाजा झाला. शेतकऱ्यांनी प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत जनमतही घेतले गेले, जे या देशात क्वचितच घडते. क्षेत्र आले नाही. त्या आशेने वरचढ भावाने जमिनी घेऊन ठेवणारे अनेक लहान गुंतवणूकदार मात्र राहिले. अलिबाग तालुक्यातच शहापूर-धेरंडला वीजप्रकल्पासाठी भूसंपादन झाले, वीज काही निघाली नाही. आताची हाक ‘तिसऱ्या मुंबई’ची आहे. त्यासाठी २०२४ मध्ये अधिसूचित झालेली १२४ गावे उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील आहेत; रेवस अलिबाग तालुक्यात आहे. नकाशावर खाडीची एक रेघ ओलांडली की हे कळते. पण जाहिरातीतल्या नकाशात ती रेघ फार बारीक काढलेली असते.

जमिनीच्या नावाने, जमिनीला न शिवता, पैसा गोळा करण्याची कला तर याहून जुनी. पर्ल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पीएसीएल कंपनीने शेतजमिनीचा तुकडा देण्याच्या हमीवर देशभरातून हप्त्याहप्त्याने पैसे घेतले. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला तेव्हा गुंतवणूकदारांची संख्या ५ कोटी ८५ लाखांच्या घरात होती. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आपला तुकडा कोणत्या राज्यात आहे हेही पाहिले नव्हते. २०१६ मध्ये नेमलेल्या न्या. लोढा समितीला त्या जमिनी शोधून विकावयाच्या होत्या, आणि विकताना जमिनीचा खरा स्वभाव पुन्हा एकदा दिसून आला. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्सने जमिनीऐवजी हॉटेलातल्या खोल्यांच्या रात्री विकल्या. सेबीचा आदेश फेब्रुवारी २०१६ चा, रक्कम ७,०३५ कोटी, माणसे सुमारे ५१ लाख. सागाची झाडे, शेळ्या, कडकनाथ कोंबड्या अशी तारणे बदलत गेली. बदलला नाही तो प्रतिनिधी. तो बहुधा गावातलाच, ओळखीचा, पुष्कळदा निवृत्त शिक्षकच असे. आणि त्याची सचोटी हीच कंपनीची खरी मालमत्ता होती.

रायगडकरांना यासाठी दूर जावयास नको. २०१० च्या सप्टेंबरात पेण अर्बन बँकेचे व्यवहार रिझर्व्ह बँकेने रोखले आणि शेकडो कोटींच्या ठेवी अडकल्या. बोगस कर्जखात्यांतून बाहेर गेलेल्या पैशाचा बराचसा भाग कोठे गेला? जमिनीत. म्हणजे ज्यांनी जमिनीचा धोका नको म्हणून सुरक्षित ठेव ठेवली, त्यांच्या नकळत त्यांनाच जमिनीचे सट्टेबाज बनवले गेले. पुढे जमिनी जप्त झाल्या, पण जप्त जमीन विकून पैसे परत देणे हे किती दीर्घ काम असते ते त्या ठेवीदारांना विचारावे. त्यांतील अनेक वृद्ध वाट पाहता पाहता गेले. त्या वेळी ठेवविम्याची मर्यादा एक लाख होती. ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला.

मग जमिनीखेरीज काय? सोने हे उत्तर घरोघरी तयार असते. सरकारने नोव्हेंबर २०१५ मध्ये सुवर्णरोखे काढले, पहिल्या मालिकेचा भाव ग्रॅमला २,६८४ रुपये होता. आठ वर्षांनी ते ६,१३२ रुपयांनी परत घेतले गेले, वर व्याज निराळे. मुंबई-ठाण्याच्या कोणत्याही भूखंडाने हेवा करावा असा हा हिशेब, आणि त्यात दलाल नाही, घडणावळ नाही, चोरीचे भय नाही. मात्र ज्याला हे लाभले त्याला ते देणाऱ्याच्या खिशातून लाभले, हे सरकारच्याही ध्यानात आले. फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका निघालेली नाही. शिवाय सोन्याची स्मृती लांब ठेवावी. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेले आणि तो भाव पुन्हा दिसण्यास २००८ साल उजाडावे लागले. अठ्ठावीस वर्षे म्हणजे एका नोकरदाराची जवळजवळ सारी सेवा.

ज्याला स्थावरातच पैसा घालावयाचा आहे त्याच्यासाठी आता एक मधली वाट निघाली आहे, आणि तिची चर्चा शिक्षकांच्या खोलीत जितकी व्हावी तितकी होत नाही. सेबीने २०१४ मध्ये स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांचे, म्हणजे ‘रीट’चे, नियम केले. कल्पना साधी आहे. कचेऱ्यांच्या किंवा दुकानांच्या मोठमोठ्या तयार इमारती एका न्यासाच्या मालकीच्या. त्या न्यासाचे लहान लहान हिस्से शेअरबाजारात विकले जातात. भाडे येते त्यातून खर्च वजा जाता वाटपयोग्य रकमेच्या किमान ९० टक्के हिस्सेदारांना वाटावे लागतात. आणि मालमत्तेचा किमान ८० टक्के भाग उभ्या, उत्पन्न देणाऱ्या इमारतींत असावा लागतो. पहिला असा न्यास, एम्बसी, एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आला. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या माइंडस्पेसच्या इमारतींत ठाण्याच्या खाडीकाठच्या ऐरोलीतील इमारती आहेत. पूर्वी यात शिरण्यासाठी किमान दोन लाख लागत. २०२१ मध्ये ती अट दहा-पंधरा हजारांवर आणली गेली, आणि बाजारातून तर एकेक हिस्साही घेता येतो. रेवसचा भूखंड जे देत नाही ते सारे येथे आहे: ठरावीक काळाने हाती येणारे भाडे, हवा तेव्हा हवा तेवढाच भाग विकण्याची सोय, आणि बहिणींच्या सह्या गोळा करण्याची गरज नाही.

येथेही सावध राहावयास हवेच. हिस्स्याचा भाव रोज हलतो. कंपन्यांनी माणसे घरून काम करावयास बसवली त्या साथीच्या काळात कचेऱ्यांच्या भाड्यांचे भवितव्यच प्रश्नांकित झाले होते. व्याजदर चढले की या हिस्स्यांचे आकर्षण उतरते. वाटल्या जाणाऱ्या रकमेत व्याज, लाभांश आणि भांडवलाची परतफेड असे निरनिराळे भाग असतात, आणि त्यांचा कर निरनिराळा. परतफेडीलाच उत्पन्न समजणारा मनुष्य स्वतःची पुंजीच खाऊन खूश होत असतो. यापेक्षा लहान मालमत्तांसाठी २०२४ मध्ये लघु-मध्यम न्यासांचे नियम आले, त्यांत किमान रक्कम दहा लाख आहे. आणि ‘पर्यायी गुंतवणूक निधी’ या भारदस्त नावाखाली २०१२ पासून जे निधी चालतात त्यांची सर्वसाधारण किमान रक्कम एक कोटी आहे. लिपिकाने त्यांची माहितीपत्रके वाचू नयेत असे नाही, पण ‘पर्यायी’ हा शब्द त्याच्यासाठी योजलेला नाही. भाड्यावर चालणाऱ्या न्यासातही सारी पुंजी ओतणे हा वेडेपणाच. मात्र पुंजीच्या दहा-पंधरा टक्क्यांनी स्थावराची हौस भागवता येते, उरलेल्याने पोस्ट आणि बँक सांभाळता येते. एका भूखंडात मात्र हे जमत नाही. तो बहुधा सगळेच मागतो.

या व्यवहाराला दुसरीही एक बाजू आहे आणि खरेदीदाराच्या चिंतेत ती झाकली जाते. नवी मुंबईसाठी १९७० नंतर जमिनी गेल्या तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणच्या शेतकऱ्यांनी १९८४ च्या जानेवारीत रक्त सांडले, पाच जणांनी प्राण दिले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले: जमिनीचे मोल वाढणार असेल तर त्यात मूळ मालकाचा वाटा असला पाहिजे. रेवस-बोडणीच्या बाजूला कोणी संपादन करीत नाही; तेथे मालक स्वखुशीने विकतो, म्हणून त्याला असा कोणताच वाटा नाही. पूल होण्यापूर्वी तो विकतो, पूल झाल्यावर भाव वाढतो, आणि मधली वाढ ज्याच्या खिशात जाते तो बहुधा ना शेतकरी असतो ना शिक्षक. चरीच्या संपकऱ्यांच्या नातवाने आजोबाने मिळवलेली जमीन विकून त्याच जमिनीवरच्या बंगल्यात माळ्याची नोकरी धरावी, हे दृश्य अलिबागच्या किनाऱ्यावर आता नवलाचे राहिलेले नाही. याच तालुक्याच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पिकणारी जमीन हीसुद्धा एक गुंतवणूक असते, परंतु तिचे पत्रक कोणी रेल्वेच्या डब्यात चिकटवीत नाही.

शासनाला या बाबतीत फार मोठे काही करावयाचे नाही. बिनशेती भूखंडांचे मोठे प्रकल्प २०१७ पासून महारेराकडे नोंदवावे लागतात. शेतजमिनीचे गुंठे ‘फार्महाऊस’ म्हणून विकणारे त्या कक्षेबाहेर राहतात, त्यांच्या जाहिरातींवर महारेरा क्रमांक नसतो, आणि त्यांना कोणी विचारत नाही. किनारपट्टी नियमनाचे नकाशे आहेत, कांदळवनांची मोजणी झालेली आहे, खारभूमीच्या योजनांची नोंद आहे, कूळकायद्याचे शेरे आहेत. फक्त हे सारे चार निरनिराळ्या कचेऱ्यांत आहे आणि खरेदीदार जातो तो पाचव्या कचेरीत, दुय्यम निबंधकाकडे. रेवस आणि भोवतालच्या गावांतील कोणते सर्व्हे नंबर कोणत्या निर्बंधाखाली येतात याची एक यादी अलिबागच्या निबंधक कचेरीत आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लावता येईल. खर्च एका फलकाचा आहे. सागरी महामार्गाला चाळीसहून अधिक वर्षे लागली म्हणून या फलकासही तितकीच लागावीत, असे काही कारण दिसत नाही.